काजूचे पैसे कुठे ठेवावेत? खाते, व्याज आणि बक्षीस यांचा हिशेब

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात कसाल विभागाच्या कृषी विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)

या कार्यक्रमात आपण नेहमी खत, फवारणी, कलमे यांविषयी बोलतो. आज बोलणार आहे पिकाच्या पैशाविषयी. काजू बी विकली, आंब्याची पट्टी आली, कोकम गेले, की एप्रिल-मे महिन्यांत आपल्या हाती वर्षाचा पैसा एकदम येतो. मग तो पुढच्या हंगामापर्यंत पुरवायचा असतो. पगारदाराला दर महिन्याला थोडे थोडे मिळते. आपले तसे नाही. म्हणून हा पैसा मधल्या काळात कुठे राहतो आणि काय कमावतो, याला आपल्याकडे फार महत्त्व आहे.

कसालच्या बाजारात, तिठ्यावर, सोसायटीच्या ओट्यावर मला हटकून एक प्रश्न विचारतात, "साहेब, खयच्या बँकेत जास्त व्याज गावता?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर साधे नाही. घाईने उत्तर दिले तर काय होते, ते आधी सांगतो. त्यात चूक माझीच आहे.

माझी चूक

मी या भागात नवीन होतो. मे महिन्यात एक वयस्कर बागायतदार माझ्याकडे आले. सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही तेच म्हणतो. काजूचे एक लाख रुपये हातात होते. त्यांनी हाच प्रश्न विचारला. मी दोन-तीन ठिकाणचे दर काढले, कागदावर मांडले आणि एक वर्षाची मुदत ठेव सुचवली. दर होता ७ टक्के. तात्यांनी पैसे ठेवले. वर एक भिंतीवरचे घड्याळही भेट मिळाले. तात्या खूष, मीही खूष.

नोव्हेंबरात तात्या पुन्हा आले. चेहरा उतरलेला. सोसायटीचे एक लाखाचे पीक कर्ज जूनमध्ये भरायचे होते, ते राहून गेले होते. कर्ज थकीत गेले, म्हणून नवीन कर्ज मिळाले नाही. भाताचे खत दुकानातून उधारीवर घेतले. आता मोहराच्या फवारणीचे औषधही उधारीवर घ्यायची वेळ आली होती. मी म्हटले, "तात्या, कर्जाचे मला बोलला नाहीत." ते म्हणाले, "मी तुमका व्याज इचारलंय. तुम्ही पण माका कर्जाचा इचारूक नाय."

खरेच होते. मी विचारलेच नव्हते.

आता हिशेब पहा. एक लाखावर ७ टक्क्यांनी, दर तिमाहीस व्याज मुद्दलात मिळवून, वर्षाला ७,१८६ रुपये झाले. ही झाली कमाई. इकडे कर्ज वेळेवर न फेडल्याने व्याजाची सवलत बुडाली. केंद्र शासन वेळेवर फेड करणाऱ्यास ३ टक्के सवलत देते. राज्य शासन डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून आणखी ३ टक्के देते. २०२१ सालच्या निर्णयापासून राज्याची ही सवलत ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला लागू झाली. दोन्ही मिळून ६ टक्के, म्हणजे एक लाखावर ६,००० रुपये. शिवाय थकीत रकमेवर पुढील व्याज चढत गेले. ते अगदी ७ टक्क्यांनीच धरले तरी वर्षाचे ७,००० रुपये. म्हणजे ७,१८६ मिळवायला १३,००० घालवले. आणि दुकानाची उधारी वेगळीच.

यातून मी पहिला नियम शिकलो, तो आपणही ध्यानात ठेवा. ठेवीचे व्याज पाहण्याआधी कर्जाची तारीख पाहा. पीक कर्ज मुदतीत फेडणे हीच शेतकऱ्याची सर्वांत किफायतशीर गुंतवणूक आहे. वेळेवर फेडले की नव्या हंगामाला नवीन कर्ज मिळायचा मार्ग मोकळा राहतो. तारीख बँकेत किंवा सोसायटीच्या गटसचिवांकडे विचारून घरातल्या कालनिर्णयावर लिहून ठेवा. अंदाजावर राहू नका. पिकापिकाप्रमाणे तारखा वेगळ्या असतात.

बचत खात्याचे व्याज कसे पडते

आता कर्ज फिटले असे समजू आणि उरलेल्या पैशाकडे वळू.

पूर्वी सर्व बँकांत बचत खात्याचा दर एकच असे, कारण तो रिझर्व्ह बँक ठरवी. २०११ च्या ऑक्टोबरपासून प्रत्येक बँकेला आपला दर ठरवण्याची मोकळीक मिळाली. म्हणून आता तुलना करावी लागते. स्टेट बँकेने २०२५ च्या जूनमध्ये बचत खात्याचा दर २.५ टक्क्यांवर आणला. त्याच वेळी पोस्टाच्या बचत खात्यावर ४ टक्के मिळत होते. ३०,००० रुपये वर्षभर राहिले तर बँकेत ७५० आणि पोस्टात १,२०० रुपये पडतात.

पण थांबा, नुसता दर पाहू नका. व्याज कोणत्या रकमेवर धरतात, तेही पाहा. बँकेत १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज धरतात. पैसे २० तारखेला भरले तरी त्या दिवसापासून व्याज सुरू होते. पोस्टात मात्र महिन्याच्या १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचे व्याज मिळते. समजा काजूचे ३०,००० रुपये १२ तारखेला पोस्टात भरले, तर त्या महिन्याचे व्याज गेले. २५ तारखेला २०,००० काढले, तर त्या महिन्यात उरलेल्या १०,००० वरच व्याज. म्हणून पोस्टात भरायचे ते १० तारखेच्या आत भरावे आणि काढायचे ते महिना उलटल्यावर काढावे. जुनी माणसे बँकेतही दहा तारखेचा नियम पाळतात. तो बँकेत आता लागत नाही, पण पोस्टात लागतो.

आणखी एक गोष्ट. अर्ध्या टक्क्यासाठी खाते हलवायचे का? १०,००० रुपयांवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला ५० रुपये. कसालहून कुडाळला किंवा कणकवलीला एस.टी.ने दोन-चार खेपा घातल्या की तेवढे खर्च झाले आणि कामाचा दिवसही बुडाला. शिल्लक थोडी असेल तर जवळची शाखा बरी. शिल्लक मोठी असेल तर ती बचत खात्यात ठेवायचीच नसते. ती मुदत ठेवीत जायला हवी.

पैशाचे चार वाटे करा

मुदत ठेव म्हटले की लोक सगळी रक्कम एकाच पावतीत घालतात. चतुर्थीला दहा हजारांची गरज पडली की लाखाची पावती मोडतात. मुदतीआधी मोडली तर ठेव जितके दिवस राहिली तेवढ्याच दिवसांचा दर मिळतो आणि बहुतेक बँका त्यातूनही अर्धा ते एक टक्का कापतात. म्हणून आपला खर्चाचा पंचांग आधी मांडावा आणि पावत्या त्याप्रमाणे कराव्यात.

समजा मेअखेर कर्ज भागवून १,२०,००० रुपये हाती आहेत. आपला खर्च कसा येतो? जून-जुलैला तरवा, लावणी, गड्यांची मजुरी, खत आणि मुलांची फी. भाद्रपदात चतुर्थी, मुंबईचे चाकरमानी घरी येणार. नोव्हेंबर-डिसेंबरात आंबा-काजूची पालवी व मोहर, फवारणी. उरलेले पुढच्या मेपर्यंत लागत नाही. मग वाटे असे पडतात :

पहिला वाटा : ३०,००० रुपये बचत खात्यात, पावसाळी कामांसाठी.
दुसरा वाटा : २०,००० रुपये तीन महिन्यांच्या ठेवीत, चतुर्थीसाठी.
तिसरा वाटा : ३०,००० रुपये सहा महिन्यांच्या ठेवीत, फवारणीसाठी.
चौथा वाटा : ४०,००० रुपये एक वर्षाच्या ठेवीत.

दर उदाहरणापुरते धरू : बचत खाते २.५, तीन महिने ४.५, सहा महिने ५.५ आणि एक वर्ष ६.५ टक्के. दुसऱ्या वाट्याचे व्याज २२५ रुपये, तिसऱ्याचे ८२५, चौथ्याचे २,६६४. एकूण ३,७१४ रुपये. हेच तीन वाटे तेवढाच काळ बचत खात्यात पडून राहिले असते तर १२५, ३७५ आणि १,०००, म्हणजे १,५०० रुपये मिळाले असते. नुसत्या मांडणीने सुमारे २,२०० रुपये जास्त आले. बँक तीच, गाव तेच, पैसे तेवढेच.

अडीनडीला पावती मोडण्याआधी पावतीवर कर्ज विचारा. बँका ठेवीच्या मोठ्या भागाइतके कर्ज देतात, दर ठेवीच्या दराहून साधारण एक-दोन टक्के जास्त. पंधरा दिवसांची गरज असेल तर पावती मोडण्यापेक्षा हे पुष्कळदा स्वस्त पडते. तात्यांची ठेव होती तेव्हा मला हे सुचले असते, तर कर्ज थकले नसते.

काही बँकांत बचत खात्यातील ठराविक रकमेवरची शिल्लक आपोआप मुदत ठेवीत जाते आणि गरज लागली की परत खात्यात येते. याला स्वीप सोय म्हणतात. ज्यांना चार वाटे सांभाळणे जमत नाही त्यांनी आपल्या शाखेत या सोयीची चौकशी करावी. ठेव किती रकमेच्या वर सुरू होते आणि किती दिवसांची होते, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत.

लांबच्या कामासाठी, मुलीच्या शिक्षणासाठी किंवा घराच्या छपरासाठी, पोस्टाचे किसान विकास पत्र आहे. ते १९८८ साली निघाले, २०११ मध्ये बंद झाले आणि २०१४ मध्ये पुन्हा सुरू झाले. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याचा दर ७.५ टक्के झाला. त्या दराने ११५ महिन्यांत, म्हणजे ९ वर्षे ७ महिन्यांत रक्कम दुप्पट होते. अडीच वर्षांनंतर ते मोडता येते. घेताना जो दर लिहिला तो शेवटपर्यंत राहतो. पण नव्या पत्रांचा दर सरकार दर तिमाहीला ठरवते, म्हणून घेण्याआधी पोस्टात विचारावे. साठीच्या पुढच्या मंडळींना बहुतेक बँका ठेवीवर सुमारे अर्धा टक्का जास्त देतात. घरात वडीलधारे असतील आणि पैसा खरोखर त्यांचा असेल, तर ठेव त्यांच्या नावे करावी.

बक्षीस कोणते खरे, कोणते दिखाऊ

आता बक्षिसांकडे येऊ. घड्याळ, डबा, पिशवी, कार्डावरचे गुण, खरेदीवर सवलत. मला स्वतःला नोकरी लागल्यावर असेच गुणांचे कार्ड मिळाले होते. दोन वर्षे गुण जमवत राहिलो. शेवटी एक स्टीलचा डबा आला. हिशेब केला तेव्हा कळले, कार्डाची वार्षिक फी डब्याच्या किमतीहून जास्त गेली होती.

खात्याचे खरे बक्षीस म्हणजे जे कापले जात नाही ते. १०,००० रुपयांवर २.५ टक्क्यांनी महिन्याला साधारण २१ रुपये व्याज पडते. मोफत खेपा संपल्यावर एटीएममधून पैसे काढले तर १ मे २०२५ पासून बँक एका खेपेला २३ रुपयांपर्यंत आकारू शकते. म्हणजे एका जादा खेपेत महिन्याचे व्याज साफ. दोनशे-दोनशे रुपये दहा वेळा काढण्यापेक्षा दोन हजार एकदा काढावेत. किमान शिल्लक किती, ती नसेल तर दंड किती, संदेशाचे किती, कार्डाचे वर्षाला किती, हे चार प्रश्न खाते उघडताना विचारा. स्टेट बँकेने २०२० साली आणि कॅनरा बँकेने २०२५ साली बचत खात्यावरील किमान शिल्लकेचा दंड बंद केला. असे खाते आपल्यासारख्यांना सोयीचे, कारण आपली शिल्लक मेमध्ये भरलेली असते आणि ऑक्टोबरात तळाला जाते.

दुसरे खरे बक्षीस म्हणजे विमा. माडावर, आंब्यावर चढणारी माणसे घरोघर आहेत. पाय निसटला की घर उघड्यावर पडते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षांच्या खातेदाराला २०२२ च्या जूनपासून वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळू लागला. हप्ता मेअखेर खात्यातून आपोआप कापला जातो. त्या दिवशी खात्यात २० रुपये नसले तर विमा तुटतो. घड्याळापेक्षा हे बक्षीस मोठे आहे. आपल्या पासबुकात ही नोंद आहे का, ते उद्याच पाहा.

जास्त व्याज आणि मुद्दलाची काळजी

जिथे व्याज आजूबाजूच्या बँकांहून फारच जास्त सांगतात, तिथे एक प्रश्न विचारा : मुद्दलाला संरक्षण कोणाचे?

बँकेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेत एका ठेवीदारास मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत झाले. त्याआधी १९९३ पासून ते फक्त एक लाख होते. एकाच बँकेच्या दोन शाखांत ठेवले तरी बेरीज एकच धरतात. राष्ट्रीयीकृत बँका, खाजगी बँका, जिल्हा मध्यवर्ती बँक, नागरी सहकारी बँका यांना हा विमा आहे. पोस्टातील पैशाला थेट सरकारची हमी आहे. पण पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्या ठेवींना हा विमा नाही. चांगल्या चालणाऱ्या पतसंस्था आहेत, त्यांची निंदा करायची नाही. मात्र तिथे किती ठेवायचे हे ठरवताना ही गोष्ट माहीत असलीच पाहिजे. मुलीच्या लग्नाचा सगळा पैसा एका जागी नको.

लांब जायला नको. बांद्याच्या पलीकडे गोव्यात म्हापसा अर्बन सहकारी बँकेवर २०१५ साली रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि २०२० च्या एप्रिलमध्ये तिचा परवाना रद्द झाला. मुंबईत २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पंजाब आणि महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. आपल्याकडच्या कित्येक घरांचा पैसा मुंबईतल्या बँकांत असतो, तेव्हा ही बातमी आपलीही आहे. २०२१ साली कायदा बदलला. आता बँकेवर असे निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद आहे. तरीही ९० दिवस म्हणजे आपली एक लावणी ते कापणी. एक टक्का जास्त व्याजासाठी तेवढे दिवस हात बांधून बसणे परवडेल का, याचा विचार आपणच करावा.

पासबुके किती आहेत घरात?

एक काम घरी गेल्यावर करा. पेटीतली सगळी पासबुके बाहेर काढा. प्रत्येक योजनेसाठी एकेक खाते उघडलेले असते. पाच-सात पासबुके निघतील. दोन वर्षे खातेदाराने स्वतः काही व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते. दहा वर्षे तसेच राहिले तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जाते. ती बुडत नाही, मागता येते, पण हेलपाटे पडतात. नको ती खाती बंद करून दोनच ठेवा, एक जवळचे आणि एक ठेवींचे. बंद करण्याआधी आधार कोणत्या खात्याला जोडले आहे ते पाहा, कारण शासनाचे अनुदान त्याच खात्यात येते. आणि प्रत्येक खात्याला, प्रत्येक पावतीला वारसाचे नाव लावलेले आहे ना, ते घरच्या बाईमाणसांना दाखवून ठेवा.

थोडक्यात ध्यानात ठेवा :

१. आधी पीक कर्जाची तारीख, मग ठेवीचे व्याज.
२. बँकेत व्याज रोजच्या शिल्लकेवर. पोस्टात १० तारखेच्या आत भरा.
३. एक मोठी पावती नको. खर्चाच्या महिन्याप्रमाणे लहान पावत्या करा.
४. भेटवस्तूपेक्षा काय कापले जाते ते पाहा. २० रुपयांचा अपघात विमा चालू ठेवा.
५. एका बँकेत ५ लाखांच्या आत. विमा नसेल तिथे बेताने.
६. दर बदलत असतात. पैसे भरण्याच्या दिवशी फलकावरचा दर स्वतः वाचा.

तात्यांनी पुढच्या वर्षी मे महिन्यात ठेव सुटताच आधी सोसायटीचे कर्ज भरले आणि मग उरलेल्या पैशाच्या तीन पावत्या केल्या. ते घड्याळ अजून त्यांच्या ओटीवर आहे. मी गेलो की त्याच्याकडे बोट दाखवतात आणि हसतात. आता कोणीही मला व्याजाचे विचारले, की मी आधी विचारतो, "काका, कर्ज किती आहे आणि तारीख कुठली?" आपणही स्वतःला आधी हेच विचारा.